दुसऱ्यांनी कोरलेल्या पायऱ्या

पोलंडच्या नकाशात नैर्ऋत्येला एक तुकडा चेक प्रजासत्ताकात खोलवर घुसलेला दिसतो. पूर्व, दक्षिण आणि पश्चिम अशा तिन्ही अंगांनी त्याला परक्या देशाची हद्द लागून आहे आणि ती हद्द बहुतेक ठिकाणी डोंगरांच्या धारेवरून जाते. हा क्वोत्स्को जिल्हा. सुदेती पर्वतरांगांनी वेढलेले हे खोरे व्रोत्स्वाफ शहराहून रेल्वेने दोन तासांच्या आत गाठता येते. नोकरीच्या निमित्ताने व्रोत्स्वाफमध्ये राहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी मंडळींना शनिवार-रविवारी सह्याद्रीची आठवण फारच बोचू लागली, की पाठपिशवी उचलून जाण्याची हीच हक्काची जागा. पोलंडमधले डोंगर म्हटले की बहुतेकांच्या तोंडी झाकोपाने आणि तात्रा पर्वताचेच नाव येते. उंचीच्या हिशेबाने ते योग्यही आहे. मात्र डोंगर आणि माणसांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला पाहायचा असेल, तर माझे मत क्वोत्स्कोला.

हे खोरे शतकानुशतके चेक राजांच्या आणि पुढे ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याच्या सत्तेखाली होते. १७४२ मध्ये प्रशिया या जर्मन राज्याच्या दुसऱ्या फ्रेडरिकने ते जिंकले, पुढे ते जर्मन साम्राज्याचा भाग झाले आणि १९४५ मध्ये पोलंडकडे आले. क्वोत्स्को गावावर बसलेला अवाढव्य किल्ला मुख्यतः या प्रशियन काळातला. राजगड-तोरणा पाहून तयार झालेल्या नजरेला तो पहिल्यांदा किल्ला वाटतच नाही, कारण आपल्याकडे कडाच अर्धी लढाई लढतो, तर इथे टेकडी मध्यम उंचीची आणि भरवसा सारा विटांच्या जाड भिंतींवर, मातीच्या भरावावर आणि एकमेकांना सांभाळून घेणाऱ्या बुरुजांच्या कोनांवर. किल्ल्याची खरी गंमत जमिनीखाली आहे. शत्रू भुयार खणून तटाखाली सुरुंग पेरतो, ही वेढ्याची जुनी रीत मराठी वाचकाला १६६० च्या चाकणच्या वेढ्यामुळे ठाऊक असते; तिथे शाइस्ताखानाच्या फौजेने अखेर सुरुंगानेच बुरूज उडवला होता. क्वोत्स्कोच्या अभियंत्यांनी या धोक्यावर उपाय म्हणून तटाबाहेरच्या जमिनीखाली आधीच भुयारांचे जाळे विणून ठेवले. त्यांत शांत बसून शत्रूच्या कुदळींचा आवाज ऐकायचा आणि तो जवळ आला की त्याच्या भुयारासकट त्याला उडवून द्यायचे. या भुयारांतून आज वाटाड्या पर्यटकांना घेऊन जातो. काही ठिकाणी छत इतके खाली येते, की अक्षरशः रांगावे लागते, आणि पुढच्या माणसाच्या बुटांपलीकडे काहीही दिसत नाही.

गावाखालीही पोकळीच आहे. मध्ययुगापासून व्यापाऱ्यांनी आपापल्या घरांखाली एकाखाली एक अशी तळघरे खोदली. त्यांचा विसर पडला आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वरची घरे खचू लागली, तेव्हा खाणकामगारांना बोलावून ही तळघरे सावरावी लागली. त्यांतल्या काहींना जोडून तयार केलेला सुमारे ६०० मीटरचा भुयारी मार्ग १९७६ पासून पाहायला खुला आहे. चौदाव्या शतकातला दगडी पूल, त्यावरच्या संतांच्या मूर्ती आणि चढावरचा चौक हे सारे देखणे आहे; पण ते प्रत्येक पर्यटन-पुस्तिकेत असल्याने मी डोंगराकडे वळतो.

जिल्ह्याच्या पश्चिमेला ‘गुरी स्तोवोवे’, म्हणजे मेजासारखे सपाट माथ्याचे डोंगर आहेत. १९९३ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. आपले सपाट माथे लाव्हाच्या थरांचे, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. हे त्याहून जुने, क्रेटेशियस काळातल्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या वाळूचे. वाळूचा खडक झाला, तो उचलला गेला, त्यात उभ्या-आडव्या भेगा पडल्या, आणि त्या भेगांत पाणी शिरून, गोठून, फुगून, वितळून अखेर जे उरले ते म्हणजे खडकाचे प्रचंड चौकोनी ठोकळे आणि त्यांच्यामधल्या घळी. ब्वेन्द्ने स्कावी नावाच्या पठारावर या घळी इतक्या अरुंद आणि इतक्या गुंतागुंतीच्या आहेत, की लाकडी फळ्यांच्या वाटेवरून तिरके होत, पिशवी हातात धरून, पोट आत घेत पुढे सरकावे लागते. तिथे लहान मुले पुढे असतात आणि त्यांचे वडील मागे अडकलेले असतात, हे दृश्य दर रविवारी पाहायला मिळते.

या रांगेतला सर्वांत उंच डोंगर श्चेलिन्येत्स व्येल्की, उंची ९१९ मीटर. पायथ्याच्या कार्वूफ गावातून वर जायला दगडी पायऱ्यांची वाट आहे, आणि या पायऱ्यांसाठी मी इथे पुन्हा पुन्हा येतो असे म्हटले तरी चालेल. फ्रान्झ पाबेल हा या गावचा मुखिया, आपल्या जुन्या भाषेत पाटीलच. अठराव्या शतकाच्या अखेरीस बड्या लोकांना हा डोंगर पाहण्याची हौस निर्माण झाली. १७९० मध्ये प्रशियाचा राजा येऊन गेला, त्याच वर्षी जर्मन कवी गटे येऊन गेला, आणि १८०० मध्ये, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला जॉन क्विन्सी ॲडम्सही आला. त्या काळी बर्लिनमध्ये तो आपल्या देशाचा वकील होता. पाबेलने या पाहुण्यांना वर नेता नेता डोंगर ओळखीचा केला, वाटा शोधल्या, पायऱ्या बसवल्या. या पायऱ्या ६६५ असल्याचे परंपरेने सांगितले जाते. १८१३ मध्ये राजाने त्याला अधिकृत वाटाड्या म्हणून नेमले. डोंगर दाखवण्याच्या कामावर राजाची मोहोर उमटण्याचे हे फार लवकरचे उदाहरण. रायगडाची वाट दाखवणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या गडाखाली राहणाऱ्या आपल्या माणसांना असा कागद कुणी दिला असता तर काय झाले असते, हा विचार चढताना हटकून येतो. चढ दमछाक करणारा नसल्याने विचार करायला फुरसतही मिळते.

माथ्यावर १८४५ मध्ये बांधलेले लाकडी विश्रामगृह आहे. त्याच्या सज्ज्यातून खालची हिरवी कुरणे आणि पलीकडचा चेक मुलूख दिसतो. तिथून पुढे राष्ट्रीय उद्यानाचा तिकीट लावलेला एकेरी मार्ग खडकांमधून फिरवून आणतो. उंट, कोंबडी, वानरमानव अशी नावे दिलेले खडक वाटेत भेटतात. त्यांतल्या काहींत ते प्राणी दिसतात, काहींत नाव देणाऱ्याची कल्पनाशक्तीच दिसते. मग पिएक्येवको, म्हणजे ‘छोटा नरक’, नावाची घळ येते. पायऱ्या एकदम खाली उतरतात, दोन्ही बाजूंच्या भिंती वर चढत जातात, आणि दहा-बारा पावलांत अंगावरचा घाम थंड पडतो. खडकाच्या भिंतींना ओल आहे, त्यावर मऊ हिरवे शेवाळ आहे, आणि तळाशी कोपऱ्यात मळकट पांढरा ढीग दिसतो तो कचरा नव्हे, तर हिवाळ्यातला बर्फ. वर लोक बाह्या सरसावून आइस्क्रीम खात असताना इथे मे महिन्यातही तो टिकून राहिलेला असतो, कारण सूर्यकिरण इथवर पोचत नाहीत आणि जड, थंड हवेला बाहेर पडायला वाट नाही.

श्चेलिन्येत्सवरून पश्चिमेला उतरत गेले की कुदोवा-झ्द्रुय हे खनिज पाण्याच्या झऱ्यांचे गाव लागते आणि त्याच्या कडेला चेर्म्ना ही वस्ती. तिथल्या लहानशा चॅपलच्या दारात लोक हसत-बोलत उभे असतात आणि आत शिरताच गप्प होतात. भिंती आणि छत मिळून सुमारे ३,००० कवट्या आणि मांडीची हाडे ओळीने रचलेली आहेत, आणि जमिनीतले झाकण उचलून दाखवतात त्या तळघरात आणखी २०,००० हून अधिक माणसांच्या अस्थी आहेत. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात, पुढे सिलेशिया या प्रांतासाठी झालेल्या लढायांत आणि रोगांच्या साथींत मेलेली ही माणसे उथळ खड्ड्यांतून पुरली गेली होती. व्हात्स्लाव्ह तोमाशेक या चेक पाद्र्याने १७७६ पासून त्यांची हाडे उकरून, धुऊन, वाळवून इथे रचायला सुरुवात केली, आणि एका कबर खोदणाऱ्याच्या मदतीने ते काम वर्षानुवर्षे चालू ठेवले. वेदीपाशी ठेवलेल्या कवट्यांमध्ये त्याची स्वतःचीही आहे. आत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, आणि मला ती योग्य वाटते. या जागेला ‘भयानक’ म्हणून विकणाऱ्या जाहिराती मात्र मला खटकतात. एकमेकांवर तुटून पडलेल्या सैन्यांतले प्रोटेस्टंट आणि कॅथलिक, शिपाई आणि शेतकरी इथे निवडता येत नाहीत, आणि ते निवडण्याचा प्रयत्न तोमाशेकने केलाही नाही. चॅपलबाहेर १९१४ चा एक स्मृतिस्तंभ आहे. युद्धांच्या बळींची आठवण आणि जिवंतांना इशारा असा मजकूर त्यावर चेक, पोलिश आणि जर्मन अशा तीन भाषांत कोरला आहे. वर्ष पाहिले की पुढे काय घडले ते वेगळे सांगावे लागत नाही.

हे चॅपल रचणारा चेक होता, त्या पायऱ्या बसवणारा जर्मन भाषिक होता, आणि आज दोन्ही ठिकाणी तिकीट फाडणारा, झाडलोट करणारा, माहिती सांगणारा माणूस पोलिश आहे. हा बदल आपोआप झाला नाही. १९४५ नंतर इथल्या जर्मन रहिवाशांना घरे सोडून जावे लागले, आणि त्यांच्या जागी मोठ्या प्रमाणावर पोलंडच्या पूर्वेकडच्या, सोव्हिएत संघाने घेतलेल्या प्रांतांतली माणसे मालगाड्यांतून आणली गेली. हद्दीवरून चेकोस्लोव्हाकियाचाही या खोऱ्यावर दावा होता आणि तो प्रश्न कायमचा मिटायला १९५८ साल उजाडले. त्यामुळे नव्याने आलेल्यांना आपण इथे किती दिवस आहोत याची खात्री नव्हती. बिस्त्शित्सा क्वोत्स्का या गावात ज्या घरी मी उतरतो, तिथल्या आजी सांगतात, की त्यांच्या आईने आज युक्रेनमध्ये असलेल्या ल्वूफजवळून आणलेली ट्रंक कित्येक वर्षे पूर्ण उघडलीच नव्हती, कारण ‘परत जायचे आहे’ हे घरातले ठरलेले वाक्य होते. त्या घराच्या कपाटात अजूनही आधीच्या मालकांच्या बशा आहेत, मागे जर्मन शिक्का असलेल्या, आणि सणाला त्या वापरल्या जातात.

या गोष्टीचा एक धागा थेट कोल्हापूरपर्यंत पोचतो. १९४० मध्ये सोव्हिएत राजवटीने त्याच पूर्वेकडच्या प्रांतांतून लाखो पोलिश लोकांना सायबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केले. त्यांतले काही इराणमार्गे भारतात आले, आणि १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० जण कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या छावणीत राहिले. म्हणजे एकाच मुलखातली, कदाचित एकाच गावातली शेजारची दोन घरे, एक पंचगंगेच्या काठी आणि दुसरे निसा क्वोत्स्का नदीच्या काठी जाऊन पडले असण्याची पुरेपूर शक्यता आहे. मी हे आजींना सांगितले, तेव्हा त्यांना वळिवडे माहीत होते. कोल्हापूर मात्र नकाशात दाखवावे लागले.

म्हणूनच इथला वारसा पाहताना माझ्या मनात अभिमानापेक्षा वेगळीच भावना असते. गडकिल्ल्यांवर जाताना आपण ‘आपले’ पाहायला जातो, पूर्वजांचा पराक्रम म्हणून जातो, आणि तरीही अनेक गडांवर टाक्यांत प्लास्टिकच्या बाटल्या तरंगताना दिसतात. इथे लोक जे सांभाळतात ते त्यांच्या आजोबा-पणजोबांनी बांधलेले नाही. काही गोष्टी त्यांनी जाणीवपूर्वक पुसल्याही: गावांची नावे बदलली, पाट्यांवरची जर्मन अक्षरे खरवडली, कबरस्ताने ओस पडू दिली. हे झाकण्याचे कारण नाही. पण पुढच्या पिढ्यांनी श्चेलिन्येत्सवर पाबेलच्या स्मृतीची पाटी लावली, आणि मला ती गोष्ट त्याच्या पायऱ्यांइतकीच मोलाची वाटते.

वाम्ब्येझित्से इथल्या बॅसिलिकेबद्दल थोडक्यात. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली ही भव्य बरोक इमारत एका साध्या खेड्यात एकदम समोर उभी ठाकते. तिच्या दारापर्यंत ५७ पायऱ्या आहेत आणि त्यांचा हिशेब भाविक असा लावतात: ३३ येशूच्या वयाच्या, १५ त्याला जन्म देण्यापूर्वीच्या मरियमच्या वयाच्या, आणि ९ देवदूतांच्या समूहांच्या. ज्या मूर्तीसाठी हे सारे उभारले, ती लिंडनच्या लाकडातली मरियम वीतभरापेक्षा थोडीच मोठी आहे. यात्रेच्या दिवसांत इथे गर्दी, फुगे आणि भाजलेल्या मांसाचा धूर असतो, एरवी शांतता.

त्यापेक्षा अधिक वेळ द्यावा तो दुश्निकीच्या कागदगिरणीला. आधीची गिरणी पुरात गेल्यावर १६०५ मध्ये उभी राहिलेली ही इमारत नदीच्या अगदी काठावर आहे. तिचे लाकडी फळ्यांचे उंच, उतरते छप्पर आणि शंखाच्या वळणांची दर्शनी भिंत दुरूनच लक्ष वेधते. छपराखालचे मजले कागद वाळत घालण्यासाठी, म्हणून ते इतके उंच. १९६८ पासून इथे कागदाचे संग्रहालय आहे आणि हातकागद अजूनही तयार होतो. कारागीर आपल्यासमोर पाण्यात कालवलेल्या पांढुरक्या लगद्याच्या टाकीत चौकट बसवलेली जाळी उभी बुडवतो, आडवी करून वर उचलतो आणि मनगटाने पुढे-मागे व डावी-उजवीकडे असा एक हलका झटका देतो. त्या झटक्यात तंतू एकमेकांत गुंततात. पाणी सरसर गळते, जाळीवर ओलसर साय उरते, ती नमद्यावर उलटी टाकायची आणि दाबयंत्राखाली ठेवायची. पाहुण्यांनाही एक ताव करू देतात. माझ्या तावाची एक कड जाड आणि दुसरी विरळ आली. कारागिराने तो उजेडात धरला, मधला जलचिन्हाचा भाग बोटाने दाखवला आणि ‘चालेल’ असे मान हलवून सांगितले. पुण्यातल्या हातकागद संस्थेत ज्यांनी हे काम पाहिले असेल, त्यांना हा मनगटाचा झटका लगेच ओळखीचा वाटेल.

याच गावात १८२६ च्या उन्हाळ्यात सोळा वर्षांचा फ्रेदेरिक शोपँ आई-बहिणींसोबत हवापालटाला आला होता आणि त्याने अनाथ मुलांच्या मदतीसाठी पियानोवादन केले होते. १९४६ पासून दर ऑगस्टमध्ये इथे त्याच्या नावाचा पियानो महोत्सव भरतो. युद्ध संपून जेमतेम वर्ष झालेले, गावात निम्मी माणसे जायच्या तयारीत आणि निम्मी नुकतीच उतरलेली, अशा वेळी महोत्सव सुरू करणे हे धाडस होते, आणि त्यामागे ‘ही भूमी आमचीही आहे’ असे सांगण्याचा राजकीय हेतूही असणार. सूर मात्र त्या हेतूपेक्षा जास्त काळ टिकले.

चालण्याविषयी थोडे व्यावहारिक. झाडांच्या खोडांवर दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये एक रंगीत पट्टी अशी खूण असते. रंगावरून वाटेची अवघडता ठरत नाही, एवढे लक्षात ठेवावे. लाल रंगाचा मुख्य सुदेती मार्ग सुमारे ४४० किलोमीटरचा आहे आणि तो या जिल्ह्यातून कुदोवा, दुश्निकी, श्न्येझ्निक, लोन्देक असा जातो. या खुणा रंगवण्याचे काम ‘पेतेतेका’ या पर्यटन संघटनेचे कार्यकर्ते करतात. तिच्या विश्रामगृहांत अंधार पडल्यावर पोचलेल्या माणसाला, खाटा भरलेल्या असल्या तरी, जमिनीवर का होईना जागा द्यावीच लागते, असा नियम आहे. शाकाहारी माणसाची सोय बटाटा आणि ताज्या चीजचे सारण भरलेल्या, उकडलेल्या करंज्यांसारख्या पिएरोगींवर होते. तेही पूर्वेकडून आलेल्यांचेच अन्न. सायकलवाल्यांसाठी डोंगरातून खास एकेरी वाटांचे दोनशे किलोमीटरहून मोठे जाळे अलीकडच्या वर्षांत तयार झाले आहे, आणि हिवाळ्यात झ्येलेन्येत्सला स्कीइंग. त्यांपैकी कशातच मला गती नाही.

पूर्वेकडे श्न्येझ्निक हा जिल्ह्यातला सर्वोच्च डोंगर, सुमारे १,४२५ मीटर. त्याच्या पायथ्याच्या क्लेत्नोमध्ये १९६६ साली संगमरवराच्या खाणीत काम चालू असताना गुहा सापडली आणि तीत गुहा-अस्वलांची असंख्य हाडे निघाली. याच परिसरात युद्धानंतरची काही वर्षे युरेनियमही काढले गेले. डच राजकन्या मारिआनाने एकोणिसाव्या शतकात इथली जमीन विकत घेऊन रस्ते आणि वने उभी केली. घटस्फोटित म्हणून प्रशियाच्या दरबाराने तिला दूर ठेवले, तरी या खोऱ्यात तिचे नाव आजही राजांपेक्षा जास्त आदराने घेतले जाते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये याच डोंगरांवर पडलेल्या पावसाने स्त्रोन्ये श्लोंस्क्ये गावाचे धरण फुटले आणि लोन्देक या औषधी झऱ्यांच्या गावाचे रस्ते नदी झाले. नंतर गेलो तेव्हा भिंतींवर कमरेच्या वर चिखलाची रेघ होती, आणि स्नानगृहाच्या दारात माणसे रांगेत उभी होती.

श्न्येझ्निकच्या माथ्यावर १८९९ मध्ये कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, नावाने दगडी मनोरा बांधला होता. १९७३ मध्ये तो स्फोटाने पाडला आणि त्याचे दगड दशकानुदशके तिथेच पडून राहिले. भटके त्यांच्या आडोशाला बसून थर्मासमधला चहा पीत. २०२२ मध्ये नवा मनोरा उभा राहिला आणि त्यावरून बराच वाद झाला. त्याचे रूप मलाही रुचत नाही. पण माथा बशी पालथी घातल्यासारखा गोल आणि सपाट असल्याने नुसते उभे राहून खालचे खोरे दिसतच नाही, हेही खरे. मनोऱ्यावर चढले की दक्षिणेला त्रुयमोर्स्की व्येर्ख दिसतो. त्याच्या अंगावर पडलेला पाऊस बाल्टिक, उत्तर आणि काळ्या अशा तीन समुद्रांना जातो. सीमेवरच्या दगडांच्या बाजूने तिथवर चालत जायचे असेल, तर दिवस मोठा असताना, सकाळी लवकर निघावे.